सात पिढ्यांची रीत

सोवळ्यातल्या इंदूताई देवघरासमोर घसरल्या आणि मांडीचं हाड कडकन मोडलं. नैवेद्याची खीर फरशीभर सांडली. मुलगा परगावी. घरात एकटी सून, तीही पाळीची म्हणून मागच्या पडवीत बसवलेली.

"रेवती, धाव गं! उचल मला!"

रेवती धावत आली ती उंबऱ्याशीच थबकली. इंदूताईंना नको ते आठवलं. दोन वर्षांपूर्वी त्याच पडवीत तिचा गर्भ पडला, तेव्हा ती हाका मारून थकली होती. आपण दारातूनच बजावलं होतं, "विटाळात शिवत नाहीत. सात पिढ्यांची रीत आहे, माझ्यामागं तुलाच सांभाळायचीय."

आता मात्र त्या किंचाळल्या, "चुलीत गेली ती रीत! ये लवकर!"

रेवतीनं पदर सावरून लांबूनच नमस्कार केला. "असं बोलू नये, आई. आज तिसराच दिवस. उद्या न्हाले, की उचलते."