माणसं संपल्यानंतर

कचरा डेपोशेजारच्या वस्तीत पडदा टांगला होता. इथे चित्रित केलेला सिनेमा आधी वस्तीलाच दाखवण्याचा शब्द दिग्दर्शिका अनुजाने पाळला होता. तो कशावर आहे, हे मात्र तिने सांगितलं नव्हतं.

पहिल्याच दृश्यात गयाबाईंचं घर दिसलं आणि शिट्ट्या वाजल्या. "मावशी, हिरॉईन झालात की!" मग पडद्यावर अक्षरं उमटली. गयाबाईंच्या सुनेने ती मोठ्याने वाचली, "सन २१५०. पृथ्वीवरची माणसं संपल्यानंतर."

शिट्ट्या थांबल्या.

"म्हणजे आपण मेलो की काय?" एकाने विचारलं आणि सगळे पुन्हा हसले. अनुजाच्या जिवात जीव आला.

एकट्या गयाबाई हसल्या नाहीत. पडद्यावर त्यांच्या दारापुढे कचऱ्याचा ढीग दिसत होता. त्या अनुजाजवळ सरकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, शूटिंगच्या दिवशी मी सकाळीच दारापुढं झाडून काढलं होतं हो. तरी एवढी घाण कशी राहिली? तुमचा सिनेमा खराब केला मी."

त्या दिवशी गयाबाई कामावर गेल्यावर तिथे कचरा पसरायला अनुजानेच सांगितलं होतं.

"असू द्या, मावशी," ती म्हणाली.