आईला युरोप दाखवायचा होता

“दोनच मिनिटं हं, आई,” म्हणत मुलाने दहा महिन्यांची धाकटी तिच्या मांडीवर ठेवली आणि तो बायकोला शोधायला गेला. बायको मघाशी कॉफी आणायला म्हणून गेली होती आणि विमानतळावरच्या दुकानांत रमली होती. चार वर्षांचा थोरला आजीच्या पायांत लुडबुडत होता. पुढच्या विमानाला अजून तीन तास होते.

पहाटे घर सोडल्यापासूनची ही सातवी-आठवी दोन मिनिटं. पहिल्या विमानात दोन्ही नातवंडांसह तिला सगळ्यांत पुढे बसवलं होतं. मुलगा-सून दहा रांगा मागे. “तिथं पाय लांब करता येतात, मुद्दाम तुझ्यासाठी घेतलीय जागा,” मुलगा म्हणाला होता. नऊ तासांत तिचे पाय एकदाही लांब झाले नाहीत. धाकटी दोनदा तिच्या अंगावर ओकली. थोरल्याने तिच्या ताटात रस सांडला. तिने मागे वळून पाहिलं, तर सून मुलाच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपलेली.

चालायचंच, असं म्हणून तिने ते गिळलं. तेहतीस वर्षं तिने इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासलं होतं. निवृत्तीच्या दिवशी मुलगा म्हणाला, “आई, आता तुला युरोप दाखवायचा.” त्या एका वाक्यावर ती सहा महिने तरंगत होती. गुडघ्यांना सवय व्हावी म्हणून रोज सकाळी चार किलोमीटर चालली. वाचनालयातून चित्रकारांची पुस्तकं आणून वहीत टिपणं काढली. बर्फाच्या डोंगरावर चढणारी छोटी आगगाडी तेवढी चुकवायची नाही, असं मुलाला तीनदा बजावलं.

धाकटीचं डायपर शोधायला तिने मुलाची पिशवी उघडली. वरच सहलीचा कागद होता. तिने चष्मा लावला. संग्रहालय, दोन तिकिटं. नदीतली बोट, जेवणासह, दोन. डोंगरावरची आगगाडी, दोन. आणि रोजच्या तारखेपुढे सुनेच्या नेटक्या अक्षरात एकच शेरा: ‘मुलं आईंकडे, हॉटेलवर.’

दोघं परतली तेव्हा तिने तो कागद मुलाच्या नाकासमोर धरला.

“हे काय आहे?”

“अगं, तुझे गुडघे... तुला झेपणार नाही म्हणूनच,” तो चाचरला. “आणि हॉटेल काय झकास आहे! खिडकीतून डोंगर दिसतो.”

“शिवाय मुलांशिवाय तुम्हालाच करमत नाही ना, आई,” सून गोड हसली.

तिची कानशिलं तापली. ती तोंड उघडणार, तेवढ्यात धाकटीने भोकाड पसरलं आणि ती दोघं सुटली.

दुसऱ्या विमानातही तिला नातवंडांसह पुढेच बसवलं. मुलगा एकदा पुढे येऊन “रागावलीस का गं?” विचारून गेला. जाताना दुधाची रिकामी बाटली तिच्या हातात देऊन गेला, धुवायला.

उतरल्यावर पासपोर्ट तपासणीची लांबलचक रांग. काचेमागच्या अधिकाऱ्याने पाचही पासपोर्टांवरचे पर्यटनाचे व्हिसा नीट पाहिले.

“कशासाठी आलात?”

“सुट्टीसाठी,” मुलगा म्हणाला. “सगळेच. आईला खास युरोप दाखवायला आणलंय.”

अधिकाऱ्याने तिच्याकडे पाहिलं. खांद्यावर झोपलेली नात, काखेत बाटल्यांची पिशवी, बोटाला नातू, छातीवर वाळलेल्या दुधाचे डाग.

“त्यांना बोलू द्या,” तो म्हणाला. “बाई, तुम्ही सुट्टीवर आलात की कामासाठी?”

मुलगा मान हलवून तिला खुणावत होता. तिने नात सुनेच्या हातात दिली, पिशवी मुलाच्या गळ्यात अडकवली आणि ती काचेजवळ गेली.

“कामासाठी,” ती म्हणाली.