बोटीवरची चिली

सुट्टीवर घरी आलेल्या ऑल्विनने चिलीच्या, म्हणजे बोटीवर शिकलेल्या मांस-राजम्याच्या कालवणाच्या, पातेल्यावरचं झाकण पाचव्यांदा उचललं. डुकराचं मटण बोटाने तुटेल इतकं मऊ झालं होतं, राजमा शिजला होता, टोमॅटो आणि लाल मिरचीचा रस्साही दाटसर झाला होता. तरी त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"अरे, बस की जरा," आई म्हणाली. "बोटीवर रोज बावीस माणसांना जेवू घालतोस ना?"

"त्या बाविसांत बाबा नसतात."

कॉलेज सोडून तो बोटीवर स्वयंपाकी झाला, तेव्हापासून चार वर्षं बाबा त्याच्याशी धड बोलले नव्हते. वसईतल्या त्यांच्या गावात मात्र त्यांनी सांगून टाकलं होतं, की मुलगा बोटीवर ऑफिसर आहे.

चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून बाबा घरी आले आणि जेवायला बसले. ऑल्विन वाढून तिथेच घुटमळत राहिला, पुसलेलाच ओटा पुन्हा पुसत.

बाबांनी पावाचा तुकडा रश्श्यात बुडवून खाल्ला, मग दुसरा. ताट निम्मं झालं. मग ते अचानक उठून खिडकीपाशी गेले. ऑल्विनच्या हातातलं फडकं ओट्यावरच थांबलं.

बाबांनी शेजाऱ्याला हाक मारली, "पास्कू, जेवायला ये! पोराने रांधलंय."

"ऑफिसरसाहेबांनी?" पलीकडून पास्कू हसला.

बाबा खिडकीतून आणखी बाहेर वाकले.

"ऑफिसर नाही रे," ते मोठ्यांदा म्हणाले, "आचारी आहे माझा लेक. ये लवकर, नाहीतर संपेल."