पेट्रोल आहे, ठिणगी नाही

“आधी पेट्रोलचा कॉक उघडा आहे का तेवढं बघा,” मिस्त्री फोनवर म्हणाले.

उघडा आहे, असं पलीकडून उत्तर आलं. सायकलला बसवलेलं छोटं इंजिन कालपर्यंत ठणठणीत होतं. आज सकाळपासून पॅडल मारून मारून पिंढऱ्या भरून आल्या, पण ते हूं की चूं करत नाही, असं त्या माणसाचं म्हणणं. आवाज घोगरा, घासत येणारा. घशाचं ऑपरेशन झालंय, मधे मधे थांबावं लागतं, तेवढं सांभाळून घ्या, असं त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं.

मिस्त्रींना कुठे जायचं होतं? गुडघ्यांनी दगा दिल्यावर गॅरेज बंद झालं आणि दोन वर्षं खिडकीशी खुर्ची टाकून बसण्यात गेली. रिकामा माणूस घरच्यांची खुसपटं काढतो. भाजीतल्या मिठापासून दाराच्या बिजागरीपर्यंत सगळ्याला नावं ठेवून झाली, तेव्हा बायकोनेच कंटाळून स्पेअर पार्टच्या दुकानात कागद चिकटवला : सायकलचं इंजिन अडलं तर या नंबरवर फोन करा, सल्ला फुकट. तेव्हापासून दिवसाला दोन-तीन फोन येत. इंजिन सुरू झालं की लोक तोंड भरून आभार मानत. खरं तर आभार आपणच मानायला हवेत, असं मिस्त्रींना वाटे. कुणाला तरी आपली गरज आहे, यासारखं दुसरं औषध नाही.

त्यांनी माणसाला सायकल स्टँडवर घ्यायला लावली, मागचं चाक अधांतरी ठेवून. फोनचा आवाज मोठा करून तो सीटवर ठेवायला सांगितला आणि मग प्लग काढायला लावला.

“ओला की कोरडा?”

“ओला आहे.”

म्हणजे पेट्रोल पोचत होतं. निम्मं काम झालं. आता प्लग पुसून परत वायरला लावायचा, इंजिनाच्या अंगाला टेकवायचा, क्लच सोडून पॅडल हाताने फिरवायचं आणि ठिणगी पडते का ते पाहायचं. पान्याची खुडबुड ऐकू येत राहिली.

“एवढं सगळं शिकलात कुठे, मिस्त्री?” माणसाने काम करता करता विचारलं.

हा प्रश्न पुष्कळ जण विचारत. मिस्त्री दरवेळी ‘असंच, करता करता’ म्हणून विषय मिटवत. आज का कोण जाणे, तोंडून खरं निघालं. कदाचित समोर चेहरा नव्हता म्हणून.

“थोरल्या भावाकडे,” ते म्हणाले. “नट किती आवळायचा हे दादाने माझं मनगट धरून शिकवलं.”

मग एकातून एक निघत गेलं. एकदा एका गिऱ्हाइकाच्या पुढच्या चाकाचा नट मिस्त्री आवळायला विसरले होते. उतारावर चाक निखळलं आणि त्याचा पाय मोडला. लोक चिडून गॅरेजसमोर जमले. तेवढ्यात दादा हात पुसत पुढे झाला आणि म्हणाला, चाक मी बसवलं होतं. तीस वर्षांचं नाव त्याने एका वाक्यात घालवलं.

“मग तुम्ही काय केलंत?” घोगऱ्या आवाजाने विचारलं.

“पाया पडायचं सोडून भांडलो. तुझे उपकार मागितले होते का, म्हणालो.” मिस्त्रींनी फोन दुसऱ्या कानाला धरला. “ज्याच्यापुढे मान खाली घालावी लागते ना, त्याच्यावरच माणूस जास्त चिडतो.”

शब्दाने शब्द वाढला होता. आधी गॅरेजचे दोन भाग झाले, मग घराचे. अकरा वर्षं झाली त्याला.

“हेच आता त्याला सांगितलंत तर?”

“कुठल्या तोंडाने? तो दिसला की मीच मान फिरवतो. पण रोज ताटावर बसलो की मनात येतं, हा घास दादाच्या हातचा आहे. हे एकदा तरी त्याच्या कानावर जायला हवं होतं.”

पलीकडची पान्याची खुडबुड थांबली. मग माणूस खोकला.

“ठिणगी नाही,” तो म्हणाला.

मिस्त्री सावरून बसले. हँडलवर इंजिन बंद करायचं बटण असतं, त्याची वायर इंजिनापाशी येते, ती मोकळी करून... वाक्य पुरं व्हायच्या आतच ‘सोडवली’ असं उत्तर आलं. हाताला चपळ दिसतो माणूस, मिस्त्रींना वाटलं. आता पडली का ठिणगी? पडली, चांगली निळी. वायर हँडलपाशी घासून उघडी पडली होती आणि ठिणगी अडवत होती, एवढंच दुखणं. तिला चिकटपट्टी गुंडाळा, प्लग बसवा, आणि मारा पॅडल.

“मिस्त्री,” माणूस म्हणाला, “फार मोठं काम केलंत आज.”

“काम कसलं? आधी सुरू तर होऊ द्या.”

इंजिन एकदा फुरफुरलं, गप्प झालं. दुसऱ्यांदा फुरफुरलं. तिसऱ्या वेळी मात्र पकडलं, आणि फोनभर टरटराट झाला. मिस्त्रींनी डोळे मिटून कान दिला. चॉक हळूहळू मागे घ्यायला सांगितला. आवाज एकसारखा झाला. दारात बायको येऊन उभी होती. तिच्याकडे बघून ते हसले. आता खुशाल जा जायचं तिथे, असं माणसाला सांगून त्यांनी फोन बंद केला आणि टेबलावर ठेवला.

इंजिनाचा आवाज मात्र येतच राहिला, भिंतीपलीकडच्या दादाच्या अंगणातून.