राहीच्या बारा पायल्या

"किती हायत गो?" काशीराम मापाऱ्याने विचारलं.

"घरात बारा भरल्या. तुमच्या मापान अकरा व्हतील," राही मान खाली घालूनच म्हणाली. खाडीपलीकडच्या भाट्याहून होडीने आणलेलं काजूबियांचं पोतं तिने मांडवीच्या धक्क्यावर टेकवलं.

काशीराम सवयीने पायली उचलायला वाकला, पण ती जागेवर नव्हती. पस्तीस सालचा नवा कायदा आला होता आणि त्याची फणसाच्या लाकडाची पायली सरकारी साहेबाच्या हातात होती.

"मापारी, रत्नागिरीची पायली वेगळी, मालवणची वेगळी," साहेब समजावत होता. "आपला काजू आता सातासमुद्रापलीकडे जातो. तिकडचा व्यापारी विचारतो, शंभर पायल्या म्हणजे नेमका माल किती? काय सांगायचं त्याला? सगळीकडे माप एकच हवं."

बोलणं रास्त होतं. काशीराम खुशाल विडी ओढत बसला. आज्यापासून चालत आलेलं त्याचं माप, त्यावर शिक्का बसायला असा कितीसा वेळ लागणार होता?

साहेबाने लाकडी पायली नाचणीने भरली, वरून पट्टी फिरवली आणि नाचणी आपल्या पितळी पायलीत ओतली. पितळी पायली काठोकाठ भरली. लाकडी पायलीच्या तळाशी ओंजळभर नाचणी उरली.

"मोठी आहे," साहेब म्हणाला. "बारा पायल्या आणणाऱ्याच्या तुम्ही अकराच मोजत आलात. मागच्या महिन्यात मुरुडची तपासली, ती मात्र बरोबर निघाली."

काशीरामने विडी टाकली आणि राहीकडे पाहिलं. राहीचं माहेर मुरुडचं.

लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात ती माहेरून आणलेल्या पायलीने बारा मोजून धक्क्यावर आली होती. इथे अकरा भरल्या. "एक पायली वाटेत कोणाला दिलीस?" तिच्या नवऱ्याने, बाळाने, चारचौघांत विचारलं. ती रडवेली होऊन काशीरामकडे बघत राहिली. गावोगावची मापं वेगळी असतात, एवढं जरी तो बोलला असता तरी पुरे होतं. पण तो छाती काढून म्हणाला होता, "माजी पायली खोटा बोलायची नाय!"

त्या दिवसापासून बाळाने घरातल्या भाताच्या खोलीला कुलूप घातलं. रोजचे तांदूळ तो स्वतः काढून द्यायचा. तीन वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हाही किल्ली त्याच्या करगोट्यालाच होती.

साहेबाच्या शिपायाने कुऱ्हाड घातली आणि लाकडी पायलीची दोन भकलं केली. काशीरामने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. पितळी पायली घेऊन तो राहीच्या पोत्यापाशी बसला. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही मापाऱ्याची रीत. "लाभ," तो म्हणाला. मग दोन, तीन. अकरा झाल्या आणि पोत्यात अजून माल होता.

"बारा," तो पुटपुटला. पोतं रिकामं झालं.

राहीने पहिल्यांदाच मान वर केली.

"मोठ्यान सांगा, काका. त्यांना आयकू जाऊ दे."

काशीराम उठला. खाडीपलीकडच्या मसणाकडे तोंड करून त्याने होता नव्हता तेवढा जोर लावला. "बारा!"

धक्क्यावरचे हमाल वळून बघायला लागले.

"आनखी एकदा," राही म्हणाली.