सोड्याच्या पाण्यात

“बाई, काकांना बाटली उचलताना तुम्ही स्वतः पाहिलंत का?”

मुलीने वर्गात उभं राहून विचारलं. मागच्या बाकावर चौघीजणी माना खाली घालून बसल्या होत्या. पैज त्यांचीच. दुसऱ्या कुणी विचारलं तर त्यात काय मजा, असं म्हणून त्यांनी हिलाच पुढे ढकललं होतं.

बाईंनी खडू खाली ठेवला. “नाही पाहिलं.”

“मग ते अनुमान झालं. निरीक्षण नाही.”

कुणीतरी खुदकन हसलं. बाई हसल्या नाहीत. “बस खाली. वह्या उघडा सगळ्याजणी.”

डावीकडे निरीक्षण, उजवीकडे अनुमान, हे रकाने बाईंनीच आखायला शिकवले होते. डावा भरल्याशिवाय उजव्यात एक अक्षर लिहायचं नाही. घट्ट झाकण रुमालात धरून फिरवायचं, हेही त्यांनीच दाखवलेलं. बाकी सगळं काकांनी. काका म्हणजे प्रयोगशाळेचे मदतनीस. गेल्या वर्षी स्पिरिटचा दिवा पेटवताना हिने सात काड्या वाया घालवल्या, तेव्हा त्यांनी शांतपणे आठवी काढून दिली. वास घ्यायचा तर नळीत नाक खुपसायचं नाही, हाताने वारा घालून तो आपल्याकडे आणायचा. पातळी वाचायची तर डोळे तिच्या रेषेत आणायचे. “वरून बघशील तर खोटं दिसेल,” काका म्हणायचे. आता हिला दिवा पहिल्या काडीत पेटत होता, आणि वर्गात उठून प्रश्नही विचारता येत होते.

आणि आता त्याच काकांवर आळ आला होता. मोरचुदाच्या, म्हणजे त्या सुंदर निळ्या खड्यांच्या, तीन बाटल्या चार महिन्यांत रिकाम्या झाल्या होत्या. वर्गात वापर झाला होता दोनदा. शनिवारी शाळा समितीची बैठक होती आणि त्यात काकांना कामावरून काढणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तक्रारीचं पत्र बाईंनीच दिलं होतं.

त्या संध्याकाळी बाबांनी जेवताना डोळे मिचकावले. “काय गं, आज वर्गात वकिली केलीस म्हणे?”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“वाऱ्याने.”

आईने भांडं पुढे सरकवलं. “फाटकाबाहेर शाळा संपते. जेवा आता.” तो आईचा नियम होता. घरी शाळेचा विषय काढायचा नाही. तिच्या शिकवणीची मुलं नुकतीच गेली होती, मागच्या खोलीला नेहमीसारखी कडी होती, आणि ती दमलेली दिसत होती. मुलगी गप्प जेवली.

पण डोकं गप्प बसेना. कपाटाच्या किल्ल्या तीन. एक काकांकडे, एक बाईंकडे, एक मुख्याध्यापकांकडे. मुख्याध्यापक कायम हात खिशात घालून फिरायचे. ते खिसे हिला फार दिवसांपासून खटकत होते. खरं तर आता सगळेच खटकत होते. काकांची मोठी पिशवीसुद्धा.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत तिने बेत तडीस नेला. “काका, कपाट लावून देऊ?”

“दे की. आज सूर्य कुठून उगवला?”

ते पाठमोरे झाले तशी तिने कुंचला काढला. आदल्या प्रयोगातलं फिनॉल्फ्थॅलीन तिने कागदाच्या पुडीत जपून ठेवलं होतं. पांढरी पूड, डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही. सोड्याच्या पाण्यात गेली की मात्र गुलाबी. मोरचुदाच्या झाकणावर तिने ती सगळीकडून फासली. बाटलीवर खड्यांच्या पातळीशी पेन्सिलीने बारीक रेघ मारली. डोळे रेषेत आणून.

शाळा सुटल्यावर ती परत गेली. काका बादलीभर सोड्याच्या पाण्यात परीक्षानळ्या धूत होते. कोपरापर्यंत हात आत. ती बघत राहिली.

“काय बघतेस? माझ्या हाताला काय सोनं लागलंय?”

पाणी स्वच्छ होतं. तिला एकदम हलकं वाटलं. नळ्या ठेवायला काकांनी कपाट उघडलं, तेव्हा तिने वाकून पाहिलं. खडे रेघेच्या दोन बोटं खाली गेले होते.

म्हणजे मधल्या सुट्टीनंतर कुणीतरी आलं होतं, आणि ते काका नव्हते. खिसेवाले मुख्याध्यापक! समितीसमोर त्यांना हात धुवायला कसं लावायचं, याचा विचार करत ती घरी पोहोचली.

शुक्रवार हा बाबांचा धुण्याचा दिवस. न्हाणीघरात ते छोट्या टबात सोडा घालून पांढरे कपडे भिजवत होते. मोजे टाकले, उशीचा अभ्रा टाकला. “अजून काही आहे का गं पांढरं?” त्यांनी हाक दिली. आई आत्ताच आली होती. तिने पर्समधून रुमाल काढून दिला आणि तिथेच दाराशी टेकली.

रुमाल पाण्यात पडला. त्याच्या घडीतून एक गुलाबी रेघ निघाली, मग दुसरी. मग मोज्यांभोवतालचं सगळं पाणी गुलाबी झालं.

“अरेच्चा,” बाबा म्हणाले, “कशाचा रंग गेला हा?”

आईने पाण्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. हा रंग कशाचा, हे आईला कुणी सांगायची गरज नव्हती.

मुलगी मागच्या खोलीशी गेली आणि तिने कडी काढली. शिकवणीच्या टेबलावर काचेच्या सहा वाट्या ओळीने मांडल्या होत्या. प्रत्येकीत निळे खडे.

ती परत येऊन दोघांसमोर उभी राहिली.

“उद्या मी समितीपुढे काकांच्या बाजूने बोलणार आहे. बाबा, तुम्ही माझ्यासोबत या.” ती आईकडे वळली. “आणि बाई, तुम्ही तर तिथे असालच.”