म्हशींचं खाजण, चिंबोऱ्यांची बिळं

"घाला काठी," बायको म्हणाली.

माझ्या चार म्हशी रोज चरतात त्या खाडीकाठच्या खाजणात मी काठी रोवायला गेलो. कडकन मोडली. "काठीच कुजकी," मी म्हणालो.

"काठी कुजकी, मी येडी, म्हशी तेवढ्या शहाण्या." तिचं गाऱ्हाणं जुनंच होतं. खुरांनी दाबून दाबून चिखल अंगणासारखा टणक झाला, चिंबोऱ्यांना, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांना, बिळं करता येईनात, बाजाराला न्यायची तिची टोपली रिकामीच. म्हशी डोंगरावर न्या, म्हणायची. पण चढ म्हटला की माझे गुडघे रडतात.

"आता इकडं या." दोन वर्षांपूर्वी तिनं म्हशी आत शिरू नयेत म्हणून खाजणाच्या एका कोपऱ्याला काट्यांचं कुंपण घातलं होतं. तिथं काठी लागलीच नाही. मीच पोटरीपर्यंत रुतलो. बिळंच बिळं. "रिकामी असतील," म्हणत मी एकात हात घातला.

चिंबोरीनं बोट असं धरलं की मी किंचाळलो, "नेतो! उद्यापासून म्हशी डोंगरावर नेतो! आधी हिला सोडव!"

बायकोनं सावकाश बोटाखाली टोपली धरली. "जरा मोठ्यानं बोला. वाडीला ऐकू जाऊ दे."